उजवा डोळा आणि मागचं दार

आमच्या गाडीचा रंग कोणता, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. हे म्हणत करडा. सासूबाई म्हणत राखाडी. करडा आणि राखाडी यांत फरक काय, यावर मायलेक जेवण गार होईपर्यंत बोलू शकत. मला तो फिकट हिरव्याच्या आसपासचा वाटे, पण मला कुणी विचारलं नव्हतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, एका वाक्यात निकाल देत. "गाडी निळी आहे. ज्यांना दिसत नाही त्यांनी डोळे तपासून घ्यावेत."

शेवटी डोळे तपासायची वेळ आली ती त्यांच्यावरच.

फार जुनी गोष्ट आहे. परवा माझ्या स्वतःच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, तर डॉक्टरीणबाई गुणगुणत वीस मिनिटांत मोकळ्या झाल्या आणि दुपारच्या चहाला मी घरी होते. तेव्हा तसं नव्हतं. दहा दिवस डोळ्यावर पट्टी, खोलीत अंधार, खोकायचं नाही, वाकायचं नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे चिडायचं नाही. डॉक्टरांनी हे शेवटचं सांगितलं तेव्हा सासूबाईंनी त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मामंजी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म लोकांचे तराजू तपासण्यात गेला. घरी आणलेले बटाटे ते पुन्हा तोलत आणि वजन जास्त भरलं तर जास्तीचा बटाटा दुकानदाराला परत नेऊन देत. दुकानदार त्यांना लांबून येताना बघून आत जाई. गाडी त्यांनी निवृत्तीच्या वर्षी घेतली होती, त्याला आता चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं दर रविवारी ती धुतली जात होती आणि चौदा वर्षं तिची किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या मागे राहत होती. ह्यांना त्यांनी चार दिवस गाडी शिकवली. पाचव्या दिवशी गुरुशिष्य दोघांनीही राजीनामा दिला. मी मात्र शिकवणीच्या वर्गाला जाऊन रीतसर शिकले, परवाना मिळवला, आणि तो परवाना तीन वर्षं कपाटात कपड्यांच्या घडीखाली विश्रांती घेत होता. कारण किल्ली.

ऑपरेशनच्या सकाळी हे टॅक्सी आणायला निघाले, तर मामंजींनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर धरली.

"सूनबाई, गाडी तू काढ."

सासूबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. ह्यांनी पायात घातलेला बूट पुन्हा काढला. मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली होती, पण खरी आले ती त्या सकाळी, असं मला वाटलं.

जाताना सगळं उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी मामंजींना घरी आणताना ते मागे उजव्या बाजूला बसले होते, उजव्या डोळ्यावर जाडजूड पट्टी, आणि डाव्या डोळ्यात एवढा मोतीबिंदू की असून नसल्यासारखा. आमच्या इमारतीचं फाटक अरुंद. मी डावीकडे सांभाळलं. इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं, की उजवीकडे एक बाजू असते हेच विसरले.

खर्र्र.

"काय वाजलं?" मागून प्रश्न आला.

आयुष्यात माणसाला खरं बोलायच्या संधी पुष्कळ मिळतात. मी ही घेतली नाही. "फाटक, मामंजी."

"फाटकाला तेल द्यायला हवं," ते म्हणाले. "सेक्रेटरीला अर्ज कर. मी सही करतो."

त्यांना वर नेऊन झोपवलं आणि आम्ही तिघं खाली आलो. मागच्या उजव्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा होता, मध्ये पत्र्याला पोचा आला होता आणि रंगाच्या पापुद्र्याआडून लोखंड दात काढून हसत होतं. हे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, मी असतो तर पूर्ण दार गेलं असतं." लग्नानंतर त्यांनी मला दिलेली ही सगळ्यात मोठी दाद.

पट्टी निघायला आठ दिवस होते. तोपर्यंत दार होतं तसं झालं पाहिजे, असं ठरलं. ठरवलं सासूबाईंनी. "त्यांना आत्ता सांगायचं नाही. चिडले तर टाके सुटतील. आणि नंतर सांगितलंस तर किल्ली गेली म्हणून समज."

किल्ली माझ्या मुठीत होती. ती जाऊ द्यायची नव्हती.

त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी नखांना लावायच्या रंगाच्या अकरा बाटल्या घेऊन आल्या. "यातला एखादा तरी जुळेलच हो," म्हणाल्या. एकही जुळला नाही, मात्र जुळतो का बघण्यासाठी अकराही लावून झाले होते, त्यामुळे दाराची शोभा आणखी वाढली. मग वरच्या मजल्यावरचे चित्रकलेचे मास्तर उतरले. ते गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "वहिनी, वस्तूला स्वतःचा असा रंगच नसतो. असतो तो प्रकाश."

"मग तो प्रकाश कुठल्या दुकानात मिळेल?" सासूबाईंनी विचारलं. मास्तर वर गेले.

रंगाच्या दुकानदाराला मात्र तत्त्वज्ञानाची आवड नव्हती. तो म्हणाला, "कंपनीच्या प्रत्येक रंगाला नंबर असतो. बॉनेट उघडा, आत पत्र्याची पट्टी असेल, तिच्यावर बघा." आम्ही बॉनेट उघडलं. पट्टी होती. पण मामंजींनी गंज चढू नये म्हणून तिला दरवर्षी न चुकता काळा रंग दिला होता. चौदा हात. नंबर आत कुठेतरी सुखरूप होता.

"मग कंपनीच्या ऑफिसात जा," दुकानदार म्हणाला. "तिथे सगळी नोंद असते."

ऑफिसात खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "मालकाचा अर्ज, मालकाची सही, अर्जाला तिकीट."

"मालकांच्या डोळ्याला पट्टी आहे."

"हाताला आहे का?"

नव्हती. मी घरी आले. आता पुढे जे सांगते ते आजही सांगताना जीभ अडखळते. मामंजी वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत, आणि वाचता येत नसेल तर समोरच्याला मोठ्याने वाचायला लावत. मी रंगाचा अर्ज त्यांच्या हातात दिला आणि तोंडाने वाचलं, "विषय, इमारतीच्या फाटकास तेल देणेबाबत."

"पुढे?"

पुढे मी काहीबाही रचत गेले. फाटकाच्या आवाजाने वृद्धांच्या झोपेवर होणाऱ्या परिणामांवर तर मी इतकी रंगून बोलले की माझा मलाच सेक्रेटरीचा राग आला. मामंजींनी बोटाने कागद चाचपला, जागा विचारली आणि सही केली. "चांगला लिहिलायस," म्हणाले. "मुद्देसूद."

ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा बटाटा घरात ठेवून घेतला नाही, त्या माणसाला मी फसवलं. पापाची थोडी भरपाई म्हणून तो फाटकाचा अर्जही खरोखरच लिहिला आणि माझ्या सहीने सेक्रेटरींना दिला. सेक्रेटरी इतके गडबडले की तेलाचा डबा घेऊन स्वतः खाली उतरले.

ऑफिसचं उत्तर तीन दिवसांनी मिळालं. तीन शिक्के असलेलं पाकीट होतं. आत छापील कागद होता आणि त्यावर 'वाहनाचा मूळ रंग' यापुढे शाईने लिहिलं होतं, निळा.

"नंबर?" मी विचारलं.

"नंबराचा फॉर्म वेगळा," बाई म्हणाल्या. "पण निळा नक्की आहे. रजिस्टरला तसंच आहे."

म्हणजे सगळ्या जगात गाडीला निळी म्हणणारे आता दोन होते, मामंजी आणि ते रजिस्टर.

चार दिवस उरले होते. शेजारच्या वहिनींच्या भावाने एका मिस्त्रींचा पत्ता दिला. हे मिस्त्री म्हणजे बारीक, शांत गृहस्थ, भुवयांवर सात गाड्यांचे रंग. मी अभिमानाने शिक्क्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचून अदबीने घडी घालून परत दिला.

"नंबर मिळाला असता तरी उपयोग नव्हता, बाई. कंपनीचा रंग म्हणजे जन्मदाखला. त्यावरून माणूस आज कसा दिसतो ते कळतं का? चौदा वर्षं ऊन खाल्लंय हिने. आपल्याला आजचा रंग जुळवायचा." त्यांनी पेट्रोलच्या नळीवरचं चौकोनी पत्र्याचं झाकण टिचकी मारून दाखवलं. "हे काढून आणून द्या. याने गाडीइतकंच ऊन खाल्लंय. मी दाराला याच्याशी जुळवतो."

झाकणाचे स्क्रू गंजले होते, ते तिथे निघेनात. "घरी तेल सोडून ठेवा, सकाळी निघतील," ते म्हणाले, आणि दार मात्र त्यांनी उतरवून ठेवून घेतलं. पोच्यात लांबीचा लगदा भरायचा, घासायचं, अस्तर मारायचं, त्याला वेळ हवा होता. मी तीन दारांची गाडी घेऊन घरी आले. चौथ्या दाराच्या जागी हे बसले होते, दोन्ही हातांनी एक चादर ताणून धरून. रस्त्यात ओळखीचे तिघं भेटले. तिघांनाही ह्यांनी मान हलवून नमस्कार केला, कारण हात मोकळे नव्हते.

"गाडीचा आवाज आला," मामंजी खोलीतून म्हणाले. "कुठे नेली होतीस?"

"बॅटरी उतरू नये म्हणून फिरवून आणली."

"शाबास. हे चिरंजीवांना चौदा वर्षांत सुचलं नसतं."

त्यांनी रागावून काही बोलायला हवं होतं. शाबास फार लागलं मला.

फाटकाच्या डब्यातलं उरलेलं तेल सेक्रेटरींकडून मागून आणलं, आणि सकाळी स्क्रू खरंच निघाले. मी झाकण ओट्याजवळ ठेवलं आणि मामंजींना औषध द्यायला गेले. औषध, मग चहा, मग त्यांच्या उशा. पाऊण तासाने परत येऊन बघते तर सासूबाई मोरीत बसलेल्या, पदर खोचलेला, एका हातात काथ्या, दुसऱ्या हातात झाकण, आणि शेजारी भांडी घासायच्या पावडरीचा अर्धा रिकामा डबा.

"सासूबाई, अहो काय करताय!"

"घासतेय. किती कळकट होतं ते! घराबाहेर जाणारी वस्तू आहे. तो मिस्त्री काय म्हणेल, या घरात झाकणं घासत नाहीत?"

झाकण स्वच्छ झालं होतं, यात शंका नव्हती. ओलं होतं, चमकत होतं. मला त्यावेळी वाटलं, ओलं आहे म्हणून चमकतंय. माणसाला घाई असली की जे हवं तेच वाटतं. मी ते पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून मिस्त्रींना नेऊन दिलं. त्यांनी फडकं उलगडलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा झाकणाकडे बघितलं, आणि म्हणाले, "याच्याशी?"

"याच्याशी," मी ठामपणे म्हणाले.

त्या माणसाने काय मेहनत घेतली! पत्र्याच्या तुकड्यांवर रंग फवारायचा, वाळू द्यायचा, सावलीत बघायचा, उन्हात बघायचा, झाकणाशेजारी धरायचा, मान हलवायची, पुन्हा थेंबभर पांढरा. "ओला रंग खोटं बोलतो," ते म्हणाले. "वाळल्यावरच खरं कळतं." असे सतरा तुकडे मी मोजले. अठरावा झाकणावर ठेवला तर कडा कुठे संपते ते दिसेना.

पट्टी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दार बसवलं, झाकण बसवलं, आणि हे आणि मी चार पावलं मागे सरकलो.

दार निळं होतं. झाकण निळं होतं. स्वच्छ, गार, सकाळच्या आभाळासारखं निळं. आणि त्या दोघांच्या मध्ये, मागे, पुढे आमची गाडी होती. करडी म्हणा, राखाडी म्हणा.

हे खाली बसले.

"तुम्ही झाकणाशी जुळवायला सांगितलं होतं," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "झाकणाशी जुळलंय का नाही, तुम्हीच बोला."

जुळलं होतं. त्यात तसूभर खोट काढता येत नव्हती. सासूबाईंनी पावडरीने चौदा वर्षांचं ऊन घासून काढलं होतं आणि खालून कारखान्यातला रंग वर आला होता. आता पुन्हा सगळं करायचं तर तीन दिवस हवे होते. आमच्याकडे एक संध्याकाळ होती.

त्या संध्याकाळी आमच्या घरात दाराला म्हातारं करायचे जे प्रयत्न झाले, ते मी सगळे सांगत नाही. वहिनींनी तोंडाला लावायची पावडर आणली. चित्रकलेच्या मास्तरांनी खडूची पूड दिली आणि म्हणाले, "आता प्रकाश कमी करायचा." शेवटी ह्यांना एक सरळ उपाय सुचला. सकाळी हॉस्पिटलला जाताना मी बांधकामाच्या कच्च्या रस्त्याने गाडी घ्यायची आणि सगळ्या गाडीवर सारखी धूळ बसू द्यायची. सकाळी मामंजी मागे बसून दर दोन धक्क्यांना विचारत होते, "हा रस्ता कुठला?" आणि मी सांगत होते, "खोदकाम चालू आहे, मामंजी."

उपाय लागू पडला. हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावली तेव्हा ती एकाच रंगाची होती. मातीच्या.

आत पट्टी निघाली. डॉक्टरांनी तात्पुरता जाड भिंगाचा चष्मा दिला. "मोतीबिंदू असताना सगळं पिवळट, मळकट दिसत असतं, आणि सवयीने आपल्याला ते कळतही नाही," ते म्हणाले. "आता रंग लख्ख दिसतील. घाबरू नका."

"मी कशाला घाबरू," मामंजी म्हणाले. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुझे केस पांढरे झालेत," ते म्हणाले.

"सहा वर्षं झाली," सासूबाई म्हणाल्या. पण लाजल्या.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. हॉस्पिटलचा पहारेकरी हातात ओलं फडकं घेऊन उभा होता. भला माणूस. "आजोबा आतून येतील, कपडे खराब होतील, म्हणून त्यांच्या बाजूचं दार पुसून ठेवलं," तो मला म्हणाला. "धूळ फार होती हो."

दार उन्हात झळकत होतं.

मामंजी थांबले. मग एकेक पायरी उतरत गाडीपाशी गेले आणि त्यांनी दारावर तळहात ठेवला. आम्ही तिघं रांगेत उभे होतो, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

"हा," ते म्हणाले. "हा आमचा रंग. दुकानातून आणली तेव्हाचा. बरोब्बर हा." मग त्यांनी बॉनेटवरची धूळ बोटाने पुसली, खाली बघितलं, आणि गर्रकन वळले. "आणि बाकीच्या गाडीला काय केलंत? दहा दिवस एका माणसाचा डोळा मिटला, तर चांगली निळी गाडी तुम्ही..."

"बाबा," हे म्हणाले, आणि बॉनेटवरची आणखी धूळ रुमालाने पुसली.

मामंजींनी तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने गाडी बघितली. मग डावा झाकला, उजव्याने बघितली. मग पुन्हा. तराजूची पारडी तपासताना ते असेच करत असावेत, आधी हे, मग ते, घाई नाही. तीनदा केलं. मग हात खाली सोडला.

"एका डोळ्याने सगळी सारखीच दिसते," ते हळूच म्हणाले. "म्हणजे ती निळी नव्हतीच. कधीपासून?"

 करडा आणि राखाडी यांवर इतकी वर्षं वाद घालणारे मायलेक दोघंही जमिनीकडे बघत होते. तपासायचा तराजूच इतकी वर्षं चुकत होता, हे त्या माणसाला कुणी सांगायचं? त्यांचा चेहरा मला बघवेना. मी किल्ली पुढे केली.

"मामंजी, त्या दिवशी वाजलं ते फाटक नव्हतं."

"माहीत आहे. पट्टी डोळ्याला होती, कानाला नव्हती."

"आणि तो अर्ज..."

"फाटकाला तेल द्या म्हणायला तिकीट लावत नाहीत, सूनबाई. सही करताना बोटाला लागलं." ते दाराकडे बघत होते. "बाकी मुद्दे चांगले होते."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"डॉक्टरांनी चिडायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

माझा हात अजून पुढेच होता. त्यांनी किल्लीकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं, आणि मागचं निळं दार उघडून आत बसले. "चला. की चिरंजीव चालवणार आहेत?"

मी गाडी सुरू केली. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते आणि एकेक रंग नावाने सांगत होते, लाल, हिरवा, पिवळा, जणू त्यांची हजेरी घेत होते. फाटकातून मी गाडी अगदी मधोमध आत घेतली. थांबल्यावर ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात डावा डोळा आहे. गाडी तूच काढायचीस." दार उघडताना म्हणाले, "येताना डावी बाजू एवढी सांभाळू नकोस."

पुढच्या महिन्यात डाव्या डोळ्याला पट्टी बांधून मामंजी मागे बसले होते, या खेपेला डाव्या बाजूला. फाटक आलं. मी चाक सरळ धरलं, आणि दोन्हीकडे सारखी जागा सोडून गाडी आत आणली. केसालाही धक्का नाही.

गाडी थांबली तरी मामंजी उतरेनात.

"काहीच वाजलं नाही, सूनबाई?"

"नाही, मामंजी."

"हं," ते म्हणाले. "फाटकाला तेल जरा जास्तच झालं."